एक माणूस, तीन लिप्या: बेळगाव भागातल्या नोंदींवर संशोधन कसं उभं करावं

खानापूर किंवा बेळगाव तालुक्यातल्या एखाद्या मराठी गावातल्या शेतकऱ्याची कागदपत्रं एकत्र मांडून पाहा. जमिनीच्या उताऱ्यावर नाव कन्नडमध्ये, बँकेच्या पासबुकावर इंग्रजीत, शाळेच्या दाखल्यावर मराठीत आणि सोसायटीच्या वहीत लिहिणाऱ्याला जसं ऐकू आलं तसं. कल्लाप्पा, कल्लप्पा, कलाप्पा. आडनाव कुठे आधी, कुठे शेवटी, कुठे गाळलेलं. हे सगळे कागद आपलेच आहेत हे त्या शेतकऱ्याला ठाऊक असतं, संगणकाला ते शिकवावं लागतं.

डेटा व्यवस्थापनात या शिकवण्याला नोंद-जुळणी म्हणतात आणि गेली पाऊणशे वर्षं जगभर त्यावर काम चालू आहे. हॅल्बर्ट डन यांनी १९४६ साली ही कल्पना मांडली आणि १९६९ साली इव्हान फेलेगी व ॲलन संटर या कॅनडातल्या दोघा संख्याशास्त्रज्ञांनी तिला गणिती पाया दिला. पुढचं बरंचसं काम मात्र इंग्रजी नावांवर झालं. देवनागरी, कन्नड आणि रोमन अशा तीन लिप्यांतून फिरणाऱ्या नावांसाठी तयार उत्तरं फार थोडी आहेत. बेळगावात बसून एमसीए, ग्रंथालयशास्त्र किंवा पीएचडी करणाऱ्यांच्या दाराशीच हा विषय पडून आहे, म्हणून हा लेख त्यांच्यासाठी.

सगळ्या पायऱ्यांना एकच गोष्ट धरून ठेवते, ती आधीच सांगतो. या दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत, हा निर्णयच तुमचं संशोधन असतो. तो निर्णय का घेतला हे तिऱ्हाइताला मागे जाऊन, मूळ पानापर्यंत तपासता आलं पाहिजे. त्यासाठी मूळ नोंदीला कधीही हात लावायचा नाही.

प्रश्न आधी

आपल्याकडचे अनेक प्रबंध एकाच साच्यातून निघतात. फ्रेड डेव्हिस यांचं १९८९ सालचं तंत्रज्ञान-स्वीकाराचं प्रारूप घ्यायचं, पाच पर्यायांची प्रश्नावली दोन-तीनशे लोकांकडून भरून घ्यायची आणि 'उपयुक्तता वाटली की वापर वाढतो' असा निष्कर्ष काढायचा. प्रारूप चांगलं आहे, पण आपल्या भागाबद्दल त्यातून नवं असं फारसं कळत नाही. त्यापेक्षा प्रश्न नोंदींना विचारा.

प्रश्न दोन प्रकारचे असू शकतात. पहिला तांत्रिक: मराठी वही आणि कन्नड यादी यांतली माणसं जुळवायला कोणती पद्धत किती अचूक ठरते? दुसरा सामाजिक: एखाद्या गावातल्या सोसायटीच्या किती सभासदांच्या नावावर जमीन आहे, त्यात बायका किती? दुसऱ्याचं उत्तर पहिल्याशिवाय मिळत नाही. एमसीएच्या प्रकल्पाला पहिला पुरे, पीएचडीला दोन्ही झेपतात. पदवी कुठलीही असो, सुरुवात एका गावापासून आणि दोनच स्रोतांपासून करा. पाच गावं आणि सात स्रोत घेऊन बसलेलं काम टंकलेखनातच अडकतं.

परवानगी आणि खाजगीपणा

सोसायटी, वाचनालय, शाळा, पंचायत यांच्या वह्या ही त्या संस्थांची मालमत्ता, आणि त्यातली माहिती ही माणसांची. संस्थेकडून लेखी परवानगी घ्या. त्यात कोणत्या वर्षांच्या वह्या, कोणते रकाने, फोटो कुठे ठेवणार आणि काम संपल्यावर त्यांचं काय करणार हे स्पष्ट लिहा. पंचायतीत पीडीओंना (पंचायत विकास अधिकाऱ्यांना) आणि सोसायटीत संचालक मंडळाला भेटताना अर्ज मराठी व कन्नड दोन्हींत न्या. त्यामुळे वाचणाऱ्याचा वेळ वाचतो आणि शंकाही कमी होतात. विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मान्यता त्याआधी घ्या. मागाहून घेतलेल्या मान्यतेला अर्थ उरत नाही.

२०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा कागदावरून संगणकात उतरवलेल्या माहितीलाही लागू होतो. संशोधन आणि संख्याशास्त्रीय कामाला त्यात सवलत आहे, पण ती सशर्त आहे: त्या माहितीवरून कुणा विशिष्ट व्यक्तीविषयी निर्णय घ्यायचा नाही आणि ठरवून दिलेली मानकं पाळायची. म्हणजे जुळणी करताना एखाद्याच्या नावावर दोन ठिकाणी कर्ज दिसलं, तरी ते संस्थेला कळवणं हे तुमचं काम नाही. आधार क्रमांक, मोबाइल नंबर, खाते क्रमांक उतरवूनच घेऊ नका. फोटोत आले तर झाका. जुळणीला आधार क्रमांक सोपा पडेल असं वाटतं, पण मग संशोधनाचा प्रश्नच उरत नाही आणि धोका तेवढा राहतो.

फोटो आणि उतरवणं

वहीचं प्रत्येक पान, कोरं असलं तरी, क्रमाने टिपा. फाइलच्या नावात गावाचा कोड, वहीचा क्रमांक आणि पान क्रमांक एवढंच असावं, तेही रोमन अक्षरांत आणि मोकळी जागा न सोडता; इतर लिपीतली नावं एका यंत्रावरून दुसऱ्यावर जाताना कधी कधी मोडतात.

उतरवताना नियम एकच: दिसतं ते लिहायचं. 'पाटिल' लिहिलं असेल तर 'पाटिल'. वाचता येत नसेल तर ठरलेलं एक चिन्ह, अंदाज नाही. जुन्या खाजगी दस्तांत मोडी भेटली तर जाणकाराकडून वाचून घ्या. प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या युनिकोड या मानकात मोडीला २०१४ पासून स्वतंत्र जागा आहे, तरी शोध आणि तुलनेसाठी देवनागरी लिप्यंतरच सोयीचं.

संस्थेने आधीच टंकलेली फाइल दिली तर आनंद होतो, पण ती उघडून बघा. मराठी फाइल श्रीलिपी किंवा कृतीदेवसारख्या जुन्या फॉन्टात आणि कन्नड फाइल नुडीच्या जुन्या रूपात असू शकते. अशा फाइलीत अक्षरं प्रत्यक्षात रोमन चिन्हंच असतात, फक्त फॉन्टमुळे ती मराठी-कन्नड दिसतात. रूपांतरक वापरा, पण जोडाक्षरांची वेगळी यादी करून ती डोळ्यांनी तपासा. र्‍हस्व वेलांटी आणि रफार चुकीच्या जागी बसणं हा नेहमीचा दोष. जुनी फाइल आहे तशी जपा.

एक्सेलविषयी वेगळं सांगायला हवं, कारण इथे नकळत मोठं नुकसान होतं. '५/२' असा सर्व्हे-हिस्सा नंबर इंग्रजी अंकांत टाकला की एक्सेल त्याची तारीख करून टाकतं. कोडच्या सुरुवातीची शून्यं उडतात. म्हणून रकाना आधीच 'टेक्स्ट' करून घ्या आणि कायमची प्रत यूटीएफ-८ मधल्या सीएसव्ही फाइलीत, म्हणजे युनिकोड अक्षरं टिकवणाऱ्या साध्या मजकूर-तक्त्यात, ठेवा.

तक्ते

एडगर कॉड यांनी १९७० साली संबंधात्मक डेटाबेसची, म्हणजे माहिती एकमेकांशी जोडलेल्या तक्त्यांत ठेवण्याची, कल्पना मांडली, ती इथे शब्दशः उपयोगी पडते. बहुतेक जण 'एक माणूस, एक ओळ' असा तक्ता करतात. पण माणूस कोण हे तर आपल्याला अजून ठरवायचं आहे! म्हणून ओळ नोंदीची करा.

पहिला तक्ता स्रोतांचा: कोणती वही, कुठली, कोणत्या वर्षांची, कोणत्या लिपीत. दुसरा नोंदींचा: स्रोत, पान, ओळ आणि नाव जसंच्या तसं. तिसरा नावाच्या तुकड्यांचा: स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आडनाव, शिवाय त्यांची एकसारखी केलेली रूपं. चौथा माणसांचा, त्यात फक्त एक निरर्थक क्रमांक. पाचवा दुव्यांचा: कोणती नोंद कोणत्या माणसाला जोडली, कशाच्या आधारावर, किती गुणांनी, कुणी, कधी. सगळा जीव या पाचव्या तक्त्यात आहे. जुळणी चुकली असं उद्या कळलं तर इथली एक ओळ बदलते, बाकी काहीही हलत नाही.

नावाचे तुकडे पाडताना 'बिन' आणि 'कोम' यांना गाळू नका. 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. इथल्या महसुली कागदांत आणि जुन्या मराठी दस्तांत ते सापडतात आणि नात्याची फुकट मिळालेली माहिती त्यात असते. 'उर्फ' आलं की एका नोंदीला नावाच्या दोन ओळी करा.

लिपी सारखी करणं

इथे थोडं थांबायला हवं, कारण आपल्या भागाचं वेगळेपण इथेच आहे.

युनिकोडने भारतीय लिप्या घेताना आपल्याकडच्या जुन्या इस्की मानकाचा क्रम घेतला. त्यामुळे देवनागरी आणि कन्नड या दोन्ही ठोकळ्यांत १२८ जागा आहेत आणि अक्षरं समांतर बसलेली आहेत. दशमान पद्धतीत देवनागरी 'क' २३२५ वर, कन्नड 'क' ३२२१ वर. फरक ८९६. 'ळ', 'म', काना, अनुस्वार, बहुतेक सगळ्यांचा फरक तोच. म्हणजे कन्नड नावातल्या प्रत्येक अक्षराच्या क्रमांकातून ८९६ वजा केले की कामचलाऊ देवनागरी नाव हाती येतं. दोन-तीन ओळींच्या पायथॉन कोडचं हे काम आहे.

कामचलाऊ म्हणायचं कारण उरलेल्या अपवादांत आहे. कन्नडमध्ये ए आणि ओ यांची र्‍हस्व आणि दीर्घ अशी दोन-दोन रूपं आहेत. मराठीचा नेहमीचा 'ए' कन्नडच्या दीर्घ 'ए'समोर बसतो. कन्नड 'बेळगावि'मधला पहिला स्वर र्‍हस्व आहे, म्हणून वजाबाकी केली की मराठी कीबोर्डवर सहसा न सापडणारी मात्रा समोर येते. ती नेहमीच्या मात्रेत बदलून घ्यावी लागते. 'ॲ' आणि 'ऑ' यांना कन्नडमध्ये जोडीदार नाही. व्यंजनाने संपणारं मराठी आडनाव, समजा सांबरेकर, कन्नड लिहिणारा कधी शेवटी पाय मोडून लिहितो, कधी तसंच ठेवतो. तुलनेआधी शेवटचा हलन्त काढून टाका.

मराठी बाजूलाही सगळं सरळ नाही. 'कऱ्हाडकर'मधला अर्धा र दोन प्रकारे टंकता येतो: 'ऱ' आणि हलन्त, किंवा साधा 'र', हलन्त आणि न दिसणारं एक जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण (वेगवेगळ्या प्रकारे साठवलेलं तेच अक्षर एकसारखं करणारी पायरी) सगळ्या नावांवर पहिल्यांदा चालवा, पण ते जोडचिन्हाला हात लावत नाही. त्याचा नियम तुम्हाला वेगळा लिहावा लागतो.

रोमन लिपीत तर त आणि ट एक होतात, ल आणि ळ एक होतात, काना कधी असतो कधी नसतो. म्हणून शक्य असेल तिथे मराठी-कन्नड थेट जुळवा, मध्ये इंग्रजी घेऊ नका. सोयीसाठी सगळं आधी रोमनमध्ये नेणारे बरेच जण आहेत. त्यात 'ल' आणि 'ळ' वेगळे ठेवणारी माहिती पहिल्या पायरीलाच हरवते.

यानंतर तुलनेसाठी एक ढोबळ किल्ली बनवा. जोडलेलं व्यंजन एकेरी करा, ळ चा ल, ण चा न, श-ष चा स, भ चा ब करा, सगळे स्वर गाळा. कल्लाप्पा, कल्लप्पा, कलाप्पा तिन्हींची किल्ली 'कलप'. भरमा आणि बरमा दोन्ही 'बरम'. साउंडेक्स (पेटंट १९१८) किंवा मेटाफोन या तयार किल्ल्या इंग्रजी उच्चारांसाठी बनल्यात, त्या इथे बसवण्याचा अट्टाहास नको. पण किल्लीवर विसंबूही नका: हसन आणि हुसेन यांची किल्ली एकच होते, माने आणि मोने यांचीही. किल्लीचं काम संभाव्य जोड्या समोर आणणं एवढंच. निर्णय पुढे.

गाव, क्षेत्र, तारीख

नाव सोडून बाकीच्या पुराव्यांतही सापळे आहेत. शहराचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालं, त्याआधीच्या नोंदींत वेगळं स्पेलिंग आहे. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्यात दहा तालुके होते. निपाणी तेव्हा चिकोडीत आणि कागवाड अथणीत मोजलं गेलं. सौंदत्तीसाठी परसगड हे नाव येतं. तालुक्याच्या नावावर तक्ते जोडले की चिकोडी एकदम लहान झाल्यासारखी दिसते. म्हणून गावाच्या नावावर किंवा तालुक्यावर जोडू नका, जनगणनेचा सहा अंकी गाव-कोड वापरा.

क्षेत्राचं तर फारच जपा. कर्नाटकच्या उताऱ्यात एकर-गुंठे असतात आणि ४० गुंठ्यांचा एकर. तिथलं '२-२०' म्हणजे अडीच एकर. कुणी ते २.२० असं दशांशात वाचलं की १२ गुंठे गेले. महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातही जमीन असलेल्या सीमेवरच्या कुटुंबाचा सातबारा हेक्टर-आरमध्ये असतो. अडीच एकर म्हणजे साधारण १ हेक्टर १ आर. एकर आणि गुंठे यांचे दोन वेगळे रकाने करा, सगळं गुंठ्यांत मोजून तिसरा रकाना करा.

जुन्या दस्तात शक असेल तर ७८ मिळवून इसवी सन येतो, पण १ जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतच्या तिथीला ७९ मिळवावे लागतात.

प्रत्यक्ष जुळणी

एका यादीत ३,००० आणि दुसरीत ४,००० नोंदी असतील तर जोड्या १ कोटी २० लाख. सगळ्या तपासायची गरज नाही. गाव सारखं आणि किल्लीचं पहिलं अक्षर सारखं, अशाच जोड्या घ्या. मग दुसरी फेरी वडिलांच्या नावाच्या किल्लीवर करा, कारण पहिल्या फेरीत सुटलेली काही माणसं तिथे सापडतात.

फेलेगी-संटर पद्धतीचा गाभा असा. माणूस खरोखर एकच असताना एखादा तपशील, समजा आडनाव, जुळण्याची शक्यता किती, आणि माणसं वेगळी असताना निव्वळ योगायोगाने जुळण्याची शक्यता किती? पहिलीला दुसरीने भागा आणि दोनच्या पायावरचा लॉगरिदम घ्या. ते त्या तपशिलाचं वजन. उदाहरणापुरते आकडे घेऊ. गावातले ३० टक्के लोक पाटील असतील आणि खऱ्या जोड्यांत आडनाव ९० टक्के वेळा जुळत असेल, तर 'पाटील' जुळल्याचं वजन फक्त १.५८. एखादं आडनाव १ टक्का लोकांचंच असेल तर तेच वजन ६.४९. सगळ्या आडनावांना सारखे गुण देणारा प्रोग्राम पाटलांची सरमिसळ करणार, हे यातून दिसतं. येळ्ळूरकर, मुतगेकर अशी गावावरून आलेली आडनावं साधारणपणे त्या गावाबाहेर सापडतात, म्हणून वजन पूर्ण जिल्ह्यावर न काढता गावागणिक काढा.

नुसतं अक्षरांचं अंतर मोजणारं लेव्हेनश्टाइन माप एकट्याने वापरू नका. कल्लाप्पा-कल्लप्पा यांच्यात एका चिन्हाचा फरक, माने-मोने यांच्यातही एकाचाच. काना गेल्याची किंमत कमी आणि मात्रा बदलल्याची जास्त, अशी किंमतसूची तुमच्याच डेटावरून बसवा. स्प्लिंक आणि पायथॉनचं रेकॉर्डलिंकेज ही दोन्ही साधनं मोफत आहेत आणि त्यांना स्वतःचं तुलना-सूत्र देता येतं.

माणसांनी तपासणं

काही शे जोड्या यादृच्छिक निवडा. त्यात नक्की जुळणाऱ्या, नक्की न जुळणाऱ्या आणि मुख्यतः संशयास्पद अशा तिन्ही असू द्या. दोन वाचक घ्या, एक मराठी वाचून वाढलेला, एक कन्नड वाचून. दोघांनी एकमेकांशी न बोलता निर्णय द्यायचा. त्यांच्यातली सहमती कोहेन यांच्या १९६० च्या कप्पाने, म्हणजे योगायोगाचा वाटा वगळणाऱ्या मापाने, मोजा: ९० टक्के एकमत असेल आणि निव्वळ योगायोगाने ६० टक्के एकमत झालं असतं, तर कप्पा ०.७५. मतभेद झालेल्या जोड्या गावातल्या जाणत्या माणसासमोर ठेवायचा मोह होतो; त्याआधी परवानगीत तशी मुभा आहे का ते बघा.

मग प्रोग्रामची परीक्षा. समजा त्याने ४०० जोड्या जुळवल्या, त्यातल्या ३६० बरोबर, आणि खऱ्या जोड्या होत्या ४५०. अचूकता ९० टक्के, पण सापडल्या ८० टक्केच. न सापडलेल्या २० टक्क्यांत कोण आहे, हे प्रबंधातलं सगळ्यात महत्त्वाचं पान. आपल्याकडे लग्नानंतर आडनाव, वडिलांच्या जागचं नाव, पुष्कळदा स्वतःचं नावही बदलतं. त्यामुळे सुटलेल्या नोंदींत बायका जास्त असणं ओघानेच येतं. सापडण्याचं प्रमाण बायका आणि पुरुषांचं वेगळं मांडा. हे न करता 'सोसायटीत जमीनधारक स्त्रिया कमी' असं लिहिलं, तर पद्धतीतला दोष गावाच्या माथी मारल्यासारखं होईल, आणि पुढे कुणीतरी तो आकडा धोरणात वापरेल.

लिहिणं आणि जपणं

आधीचं काम शोधायला शोधगंगा हे भारतीय प्रबंधांचं भांडार आणि गुगल स्कॉलर दोन्ही पाहा. नावांच्या लिप्यंतरावरचं काम भाषातंत्रज्ञानाच्या नियतकालिकांत सापडतं, माहिती प्रणालीच्या नाही. नियतकालिक निवडताना पूर्वीसारखी यूजीसीची मान्य नियतकालिकांची केअर यादी आता आधाराला नाही, ती २०२५ मध्ये बंद झाली. संपादक मंडळ खरं आहे का, परीक्षणाला किती वेळ घेतात, पैसे कशाचे मागतात हे स्वतः तपासा. आठवड्यात छापून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, त्यातली एक घराबाहेर. नावं असलेला भाग कुलूपबंद. प्रसिद्ध करायचा तो वेगळा: मराठी रूप, कन्नड रूप आणि ते किती वेळा आलं एवढीच यादी, गाव आणि वर्ष न देता, पाचपेक्षा कमी वेळा आलेली नावं गाळून. दुर्मीळ नावावरून माणूस ओळखू येतो. ही यादी, किल्ली बनवणारा कोड आणि किंमतसूची झेनोडोसारख्या मोफत भांडारात ठेवली की तिला कायमचा डीओआय क्रमांक मिळतो आणि निपाणीतला किंवा बिदरमधला पुढचा विद्यार्थी ती उचलून पुढे जाऊ शकतो. सोबतचं माहितीपत्रक मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्हींत लिहा.

ज्या संस्थेने वह्या उघडून दिल्या तिला पानांच्या फोटोंचा संच, पानवार सूची आणि स्कॅन कुठे व किती दिवस ठेवले आहेत याचं लेखी पत्र द्या. जुळणीचे निकाल त्यात घालू नका. वहीचं वाळवी लागलेलं किंवा सुटलेलं पान फोटो काढताना दिसलं असेल तर त्याचा क्रमांक पत्रात लिहा, म्हणजे बांधणी करून घ्यायला त्यांना सोपं जाईल.